शकुनाचा वळसा

“सकाळी पाव वळसा, संध्याकाळी पाव वळसा. एखादा राहिला तर राहिला म्हणायचं. दुसऱ्या दिवशी भरून काढायला जायचं नाही. कळलं का, बाई?”

पुण्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर घारपुऱ्यांचा हा आवाज कस्तुराच्या कानात घर करून बसला होता. पहाटे तुळशीला पाणी घालावं, प्रदक्षिणा घालाव्यात, देवापुढं निरांजन लावावं आणि त्याच ओल्या हातांनी कोंडीरामच्या उजव्या हाताशी बसावं, असा तिचा नेमच होऊन गेला होता. सोमवारचा उपास तिनं कधी मोडला नव्हता, मग हा नेम मोडेल कसा? कोंडीराम डोळे मिटून हात पुढं करायचा. ती चावी लावायची, नामस्मरण करत पाव वळसा द्यायची, चावी पदरानं पुसून देव्हाऱ्यात ठेवायची आणि चुलीकडं वळायची.

कोंडीराम तिचा नवरा. भोसरीला अण्णासाहेबांच्या प्रेस-शॉपमध्ये सेटर होता. मशीनवर डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, चढवणं, उतरवणं, ठाकठीक करणं हे त्याचं काम. गेल्या वर्षी त्याचा उजवा हात प्रेसखाली गेला. कोपराच्या खाली उरला तो जेमतेम चार बोटांचा खुंट. सरकारनं नकली हात दिला, पण खुंट इतका आखूड, की कोपर वाकवलं रे वाकवलं की हात निसटायचा, पायातली सैल वहाण चिखलात राहावी तसा. त्यावर घारपुऱ्यांनी उपाय काढला. उरलेलं हाड मध्ये कापलं, कापाच्या अलीकडं-पलीकडं पोलादी खिळे घातले आणि बाहेरून ते एका चौकटीत अडकवले. चौकटीचा स्क्रू चावीनं फिरवला की हाडाची दोन तोंडं केसभर लांब सरकायची आणि मधल्या फटीत नवं हाड धरायचं. असं करत खुंट आणखी चार बोटं वाढला, की नकली हात त्यावर घट्ट बसणार होता. मग कोंडीराम पुन्हा सेटरच्या बाकावर. नाहीतर जन्मभर अण्णासाहेबांच्या गेटवर स्टूल टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डाव्या हातानं सलाम करायचा.

आता हे अण्णासाहेब कोण, ते सांगायला हवं. कोंडीरामच्या भावकीतला हा थोरला. मोशीची जमीन हमरस्त्याला गेली तसा अण्णाचा अण्णासाहेब झाला. त्यापलीकडं त्याच्या नावावर कर्तृत्व शोधू गेलं तर सापडत नाही. पत्र्याची शेड टाकली, जुन्या प्रेस आणून बसवल्या, अंगावर सफारी चढवली आणि बोटांत ग्रहांच्या अंगठ्या घातल्या. देवाला हार केवढा घालायचा हे त्याच्या घरी पाहुणा कोण येणार त्यावर ठरायचं. पाहुणा नसला तर कालचाच हार पाणी मारून चालायचा. कस्तुरानं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती कधी कुणाला बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिच्या मनातून तो माणूस उतरला तो उतरलाच.

मशीनवर हात जाऊ नये म्हणून पुढं तारेची जाळी असते. जाळी लावली की पत्र्याचा तुकडा चिमट्यानं आत सरकवावा लागतो, वेळ जातो. अण्णासाहेब म्हणाला, “कोंड्या, काढ ती जाळी. प्रॉडक्शन बसतंय.” कोंडीराम म्हणाला, “हो अण्णा.” आणि स्वतःच्या उजव्या हातानं बोल्ट सोडवून जाळी काढली. पंधरवडा गेला नाही तोच त्या हाताचा सोक्षमोक्ष लागला. जाळी कुठं गेली? ती अण्णासाहेबाच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाली. चांगली मजबूत, मुंगूसही शिरणार नाही. कोंबड्यांचा जीव त्यानं बरोबर सांभाळला.

कोंडीरामच्या जागी त्याच मशीनवर रंभाला बसवलं. रंभा म्हणजे शेजारच्या धोंडीबाची विधवा सून, पंचविशीतली, पोटाला दोन लेकरं. नवरा गेला तरी लेकरांना बरं वाटावं म्हणून हातात दोन-दोन हिरव्या बांगड्या ठेवायची. ती भाकरी घेऊन हॉस्पिटलात आली तेव्हा कोंडीराम तिला म्हणाला होता, “रंभे, माझा हात येऊ दे. पैली जाळी तुझ्या मशीनला लावीन. वचन देतो.”

“लवकर येऊ द्या, भाऊजी,” रंभा म्हणाली. “मला दोनच हायेत.”

जाळी काढायला एक शब्द पुरला आणि लावायला नवा हात उगवावा लागतो, एवढं कस्तुराच्या मनात येऊन गेलं.

हाडाची ही गोष्ट कळल्यापासून अण्णासाहेबाला धीर निघेना. पुण्याला एकदा त्यानं जीप दिली होती, तेवढ्या भांडवलावर साऱ्या मोशीत सांगत सुटला, “आमच्या कामगाराचा हात आमी वाढवून देतोय.” खर्च हॉस्पिटलचा, हाड कोंडीरामचं, नेम कस्तुराचा, वाढवत होते मात्र अण्णासाहेब. येता-जाता दारात उभा राहायचा, चौकटीकडं बघायचा आणि जीभ टाळ्याला लावून च्यक च्यक करायचा.

“लई सावकाश चाललंय, कोंड्या. आमच्या शेडमध्ये एवढा स्क्रू असता तर दुपारपर्यंत काम आटपलं असतं.”

“डॉक्टर म्हणत्यात, हाड हाय.”

“डॉक्टरला काय, त्याला कुठं डिलिव्हरी द्यायचीय?”

आणि कोंडीराम हसायचा. कस्तुराला त्या हसण्याचा अण्णासाहेबाहूनही जास्त तिटकारा होता. भाताच्या पेजेसारखं पाणचट हसू, कुणीही फुंकर घालावी आणि प्यावं.

त्या वर्षी दसऱ्याला अण्णासाहेबाच्या दुसऱ्या शेडचं उद्घाटन होतं. मोठ्या कंपनीतले खरेदीचे साहेब, साहेबराव नावाचे, प्रमुख पाहुणे. आदल्या दिवशी खंडेनवमी. रिवाजाप्रमाणे शेडमधली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडली, झेंडूची फुलं वाहिली, नारळ फोडला. एकदा हत्यारं पूजेला बसली की दसऱ्याची उत्तरपूजा होईतो त्यांना हात लावायचा नाही, मशीन चालवायचं नाही. त्या दिवशी लोखंडालाही विश्रांती असते. हा रिवाज कस्तुराला मनापासून आवडायचा.

पण दुपारी निरोप आला, कोंडीरामनं चौकटीची चावी घेऊन शेडवर यावं. कस्तुराही सोबत गेली. अण्णासाहेब पाटासमोर पितांबर नेसून बसला होता. अगरबत्तीचा इतका धूर केला होता, की देवाला वाटावं वीटभट्टी लागली.

“आण ती चावी. मधोमध ठेवतो. उद्या साहेब ईचारतील, तवा सांगता येतं.”

“अण्णा, सांजचा वळसा…” कोंडीराम चाचरला.

“आरं, देव मोठा का वळसा मोठा? समदी हत्यारं बसत्यात, तुझ्या चावीनं काय घोडं मारलंय?”

कस्तुरा पदर सावरून हळूच म्हणाली, “ते हत्यार न्हाई, अण्णा. औषध हाय ते.”

“औषधाचीबी पूजा होतीया की. धन्वंतरीला देव म्हणत्यात न्हवं?” अण्णासाहेबानं चावी घेतली, तिला कुंकू लावलं आणि पान्या-हातोड्यांच्या मधोमध मांडली. शेडचा मुकादम दत्तोबा मान डोलावून म्हणाला, “वा. आता हाताला बरकत.”

कस्तुरा चावीकडं बघत राहिली. माणसानं घेतली असती तर तिनं मागून घेतली असती. पण अक्षता पडल्यावर देवापुढचं उचलायचं कसं? जन्मात तिनं तसं केलं नव्हतं. राहिला तर राहिला म्हणायचं, हा आवाज आठवला आणि तिनं मनाची समजूत घातली. एखाद्या दिवसानं काही बिघडत नाही, असं डॉक्टरच तर म्हणाले होते. त्या संध्याकाळी निरांजन लागलं, पण वळसा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळचाही राहिला.

दसऱ्याला शेडपुढं मांडव, कर्णा, खुर्च्या. साहेबराव आले, फीत कापली, उत्तरपूजा झाली. इथवर सारं ठीक होतं. कस्तुरा बायकांत उभी होती, हातात ओवाळायचं ताट. चावी उचलायची परवानगी आता देवानंच दिली म्हणून ती पुढं सरकणार, तोच अण्णासाहेबानं ती स्वतः उचलली आणि माईक हातात घेतला.

“आता ह्यो आमचा कोंडीराम. ह्याचा हात आमी वाढवत हाओत. कालपासनं पूजेमुळं ह्याचे वळसे राहिले. पण बॅकलॉग उद्यावर ठेवायचा न्हाई, ही आपल्या शेडची शिस्त हाय. तर राहिलेला पैला वळसा मा. साहेबरावसाहेबांच्या शुभहस्ते.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबराव भला माणूस असावा, त्याला वाटलं यंत्राची कळ फिरवायची आहे. त्यानं अंगठीची बोटं पुढं केली आणि फितीला कात्री लावावी तशा सहजपणानं अर्धा वळसा दिला. कोंडीरामचं तोंड हललं. कर्ण्यातून ऐकू आलं, “बरं वाटतंय, साहेब.”

मग दत्तोबानं अर्धा दिला. मुकादमाला मान नको का? आणि मग अण्णासाहेबानं सफारीच्या बाह्या सारल्या. “आता वरचा एक. अकरा काय, एकावन्न काय, आपल्यात शकुनाचा वर एक असल्याबिगर देणं पुरं होत न्हाई.” आणि त्यानं आख्खा वळसा फिरवला, शेवटाला बोल्ट आवळताना देतात तसा झटका देऊन.

कोंडीरामच्या कपाळावर घाम फुटला. तो हसतच होता.

“पुरे,” कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज मुळात तांब्यात बोलल्यासारखा हलका. कर्ण्यापुढं तो कुणाच्या कानावर जाणार? अण्णासाहेबाची बायको दुर्गाबाई नऊवारीचा पदर खोचून पुढं येत होती, तिलाही मान हवा होता. तेव्हा कस्तुरानं ओवाळायचं ताट खुर्चीवर ठेवलं, पुरुषांच्या रांगेतून चालत गेली आणि अण्णासाहेबापुढं तळहात पसरला.

“चावी द्या.”

“अगं, दुर्गाबाईचा वळसा राहिलाय.”

“दुर्गावहिनींना हळदीकुंकू द्या. हाड नका देऊ.”

पुढच्या रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं. अण्णासाहेबाच्या हातातून चावी कधी सुटली ते त्यालाही कळलं नाही. कस्तुरानं ती कमरेला खोचली, नवऱ्याला डाव्या हाताशी धरलं आणि सोनं न लुटताच घरी घेऊन आली.

दिवेलागणीला खुंट तापला. खिळ्यांच्या तोंडाशी रक्त आलं, कातडी ताणून पांढरी पडली आणि नसलेल्या बोटांना कुणी पिरगाळतंय अशी कळ कोपरातून वर जाऊ लागली. सकाळच्या पहिल्या एसटीनं दोघं पुण्याला गेली.

घारपुऱ्यांनी हाडाचा फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“कुणी केलं हे?”

“मीच, साहेब,” कोंडीराम म्हणाला. “हात घसरला.”

कस्तुरानं नवऱ्याकडं पाहिलं. ज्या हातानं चावी कधी धरलीच नाही तो घसरला म्हणे. लग्नाला बारा वर्षं झाली होती, हा माणूस तिनं आजारात पाहिला, दारिद्र्यात पाहिला, पण त्या क्षणी तो तिला जितका खुजा दिसला तितका कधी दिसला नव्हता. खुंट तरी वाढत होता. हा मात्र होता तिथंच.

“परमुख पाहुण्यांनी केलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग मुकादमानी. शकुनाचा एक मालकानी दिला. टाळ्याबी झाल्या.”

डॉक्टरांना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि नुसता पुसत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “बाई,” अखेर ते म्हणाले, “हाड म्हणजे कोंब. रोज थोडं ओढलं तर मागोमाग येतं. हिसका दिला की तुटतं, आणि नस दुखावते ते वेगळंच.” त्यांनी स्क्रू थोडा मागं घेतला. पुढं वाढवणं थांबलं ते थांबलंच. हाडाची जखम तेवढीच भरू द्यायची आणि मिळालं तेवढ्यावर भागवायचं, असं ठरलं.

उन्हाळ्यात चौकट निघाली. चार बोटं वाढायची ती दोनच वाढली होती. “नकली हात बसेल,” डॉक्टर म्हणाले. “कोपर वाकवल्यावर पहिल्यासारखा निसटणार नाही. पण जड उचलायला दंडावरून पट्टा घ्यावा लागेल. माप घेतलंय, पावसाळ्यानंतर या.”

ही दोन बोटं अण्णासाहेबानं लगेच स्वतःच्या खात्यावर मांडली. दसऱ्याचा फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला: साहेबराव वाकलेले, कोंडीराम हसतोय, मागं स्वतः अण्णासाहेब देवासारखा हात वर करून. कोंडीरामला गेटवर स्टूल दिलं. “हात बसला की मोठा कार्यक्रम घेऊ. तवर आराम कर, घाई न्हाई.” आणि कोंडीराम म्हणाला, “हो अण्णा.”

कस्तुराच्या नेमात आता एक जागा रिकामी पडली होती. तुळशीला पाणी घालून ती आत यायची आणि हात आपोआप देव्हाऱ्यातल्या चावीकडं जायचा. मग ती चावी पुसून परत ठेवायची.

“आता कशाला पुसतीस?” कोंडीरामनं एकदा विचारलं.

“हिनं आपलं काम केलं,” ती म्हणाली. “रोज, तेवढंच. कुणाच्या तोंडाकडं न बघता.”



ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर रंभा दारात येऊन उभी राहिली. रोज बसायची तशी बसली नाही. तिचा उजवा हात मोकळा होता, मनगटावर ओरखडे आणि एका ओरखड्यात हिरव्या काचेचा कण रुतलेला.

“काय झालं गं?” कस्तुरानं तिला आत घेतलं.

“काय न्हाई, ताई. तुकडा सरकवताना प्रेस पडली. बांगड्या गेल्या, हात राहिला.” रंभा हसायला गेली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. “मालक आले, बघितलं. म्हणाले, बायकांनी उद्यापासून बांगड्या घालून यायचं न्हाई. त्यानं काम आडतंय.”

कस्तुरानं सुईनं काच काढली, हळद दाबली. मग देव्हाऱ्याशी गेली, निरांजन लावलं, आणि पाठमोरीच बोलली. आवाज नेहमीचाच, हलका.

“अण्णांची अक्कल मोठी. मागल्या खेपी हात गेला तवा हात वाढवायला निघाले. आता बांगड्या गेल्या, तर बांगड्या बंद. उद्या मुंडकं गेलं तर म्हणतील, टिकली लावून यायचं न्हाई.”

रंभा रडता रडता हसली. कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता, तो हसला नाही. ते पाणचट हसू त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर आलंच नाही. तो आपल्या खुंटाकडं बघत होता. कोपर वाकवत होता, सरळ करत होता, पुन्हा वाकवत होता.

“भाऊजी,” रंभा जाताना म्हणाली, “तुमचा हात कवा येणार?”

“पावसाळ्यानंतर म्हणत्यात,” तो म्हणाला.

कस्तुरानं वातीची काजळी झाडली. तिला आता त्याच्याकडं बघावंसंही वाटेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तुळशीला पाणी घालत होती, तेव्हा आत लोखंडाचा आवाज झाला. कोंडीराम माळ्यावरची सेटरची पेटी काढून बसला होता. डाव्या हातानं त्यानं पाने बाहेर काढले, एक निवडला, धोतराच्या फडक्यानं पुसला. मग तो अंगणात आला. कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं त्यांचं जुनं डालगं पालथं पडलं होतं. कोंबड्या कधीच विकून झाल्या होत्या. त्यानं कोपर वाकवलं आणि डालग्याची कड खुंटात धरून छातीशी दाबली. सैल होईल, पडेल, म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. डालगं पडलं नाही. आधीच्या चार बोटांच्या खुंटात ते कधी टिकलं नसतं. वाढलेल्या दोन बोटांनी ते पकडलं होतं. त्यानं ते धरल्या जागी डाव्या हातानं पान्यानं नट फिरवावा तसं हवेत मनगट फिरवून पाहिलं.

कस्तुरा तांब्या धरून बघत होती. काय चाललंय ते तिला कळलं होतं.

“अण्णा उठायच्या आत परसातनं जाळी काढतो,” तो म्हणाला. “शिफ्ट लागायच्या आधी चार बोल्ट बसवायचेत.”

“गेटवरचं स्टूल जाईल.”

“जाऊ दे. लई दिवस बसलो.”

ती म्हणाली, “डालगं घेऊन जावा. जाळी काढली की खुराडं उघडं पडंल. कोंबड्यांचा काय दोष?”

त्यानं मान हलवली. पाना खिशात टाकला, डालगं खुंटाच्या बेचक्यात घट्ट केलं आणि फाटक उघडायला डावा हात मोकळा ठेवला. वाटेवर अजून कुणी नव्हतं. रंभाच्या घरात चूल पेटल्याचा धूर वर चढत होता. तिकडं एकदा बघून तो अण्णासाहेबाच्या परसाच्या दिशेनं चालू लागला, सावकाश, पाय न वाजवता.

कस्तुरानं तांब्यातलं राहिलेलं पाणी तुळशीला घातलं आणि आत जाऊन देव्हाऱ्यातली चावी पुसायला घेतली.